बुद्धिबळ-प्रशिक्षकाची प्रतिष्ठा आणि कृतार्थता

बुद्धिबळाच्या प्रशिक्षकाला त्याच्या कामाचे दिसणारे फळ स्वतःच्या नावावर कधीच मिळत नाही. डाव शिष्य खेळतो, रेटिंग शिष्याचे वाढते, करंडक शिष्य उचलतो. बातमीत प्रशिक्षकाचे नाव आलेच तर शेवटच्या ओळीत येते. म्हणून या व्यवसायापुढे दोन प्रश्न कायम उभे असतात. समाजात या कामाला स्थान काय, हा पहिला. हे काम करणाऱ्याचे आयुष्य त्या कामातून सार्थकी लागते का, हा दुसरा. व्यवहारात दोन्ही एकमेकांत मिसळले जातात: मान मिळाला की समाधान आपोआप येईल असे कोणी धरून चालतो, तर समाधान मिळतेच आहे, मग मान आणि पैसा कशाला, असे कोणी सुचवतो. दोन्ही समजुती तपासून पाहण्यासारख्या आहेत. शिकवणाऱ्याने कशासाठी शिकवावे, हा वाद भारतीय परंपरेत फार जुना आहे आणि त्याचा एक धागा थेट विदर्भाशी जोडलेला आहे.

प्रतिष्ठेची मापे

यवतमाळ शहराला लागून असलेले लोहारा औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. भोवताली कापसाचा जिल्हा, वसाहतीत डेनिमच्या कापडाचा कारखाना, शेजारी जिल्ह्याचे ठिकाण. अशा गावात माणसाची पत ठरवण्याची मापे ठरलेली असतात: शेती किती, नोकरी सरकारी की कंपनीची, कायम की कंत्राटी. शिकवणाऱ्यांतही उतरंड असते. अनुदानित शाळेतला शिक्षक वर, नीट आणि जेईईचे क्लास घेणारे सर त्याच्या बरोबरीने किंवा त्याहून वर, आणि खेळ शिकवणारा बराच खाली. बुद्धिबळ शिकवून पोट भरू पाहणाऱ्या तरुणाबद्दल सोयरिकीच्या बैठकीत हमखास विचारले जाते, ‘शिकवते ते ठीक हाय, पन नोकरी कोनती?’ या प्रश्नात कुचेष्टा नसते. पावसावर आणि बाजारभावावर जगणाऱ्या मुलखात महिन्याच्या पगाराला जे मोल आहे, तेच त्यातून बोलत असते.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी माणसाची आर्थिक स्थिती आणि समाजातला त्याचा मान या दोन निराळ्या गोष्टी मानल्या. बुद्धिबळ-प्रशिक्षक या भेदाचे चांगले उदाहरण आहे. महानगरातल्या एखाद्या अकॅडमीत ऑनलाइन शिकवणाऱ्याला पैसा बरा मिळतो, पण शेजाऱ्यांना तो नेमके काय करतो हे सांगता येत नाही. उलट लहान गावातल्या जुन्या खेळाडूला सगळे ‘सर’ म्हणतात, स्पर्धेच्या उद्घाटनाला शाल-श्रीफळ देतात, आणि महिन्याची फी मात्र दोनदा आठवण केल्यावर हाती ठेवतात.

अधिकृत मान्यतेची मापे वेगळी आहेत. जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे ‘फिडे’, प्रशिक्षकांना पाच पायऱ्यांचे किताब देतो; सर्वांत वरचा किताब ‘फिडे सीनियर ट्रेनर’. भारतात द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला. पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते, आणि दुसऱ्याच वर्षी, १९८६ मध्ये, हा पुरस्कार बुद्धिबळासाठी रघुनंदन वसंत गोखले यांना मिळाला. विश्वनाथन आनंद ग्रँडमास्टर झाला तो १९८८ मध्ये. देशाला पहिला ग्रँडमास्टर मिळण्याआधीच एका मराठी बुद्धिबळ-प्रशिक्षकाला राष्ट्रीय मान मिळाला होता. पुढे २००६ मध्ये कोनेरू अशोक आणि २०२३ च्या पुरस्कारांत आर. बी. रमेश यांची नावे त्या यादीत आली. मात्र राष्ट्रीय पुरस्कार शिखरावरच्या मोजक्यांना मिळतो. गावोगावी पहिली चाल शिकवणाऱ्यांच्या मानाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

खेळाचेच मोल काय

शिकवणाऱ्याची प्रतिष्ठा तो शिकवतो त्या विषयाच्या प्रतिष्ठेवर अवलंबून असते, आणि खेळाकडे धर्मपरंपरांनी नेहमी कौतुकाने पाहिलेले नाही. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात बुद्ध ज्या करमणुकींपासून दूर राहतो त्यांची यादी आहे, आणि तिची सुरुवातच आठ घरांच्या ओळींच्या पटावरील खेळाने होते. महाभारतातले द्यूत तर घराघरांत ठाऊक आहे. ‘पत्ते-सोंगट्यांनी कोणाचे भले झाले?’ असे म्हणणाऱ्या आजोबांच्या पाठीशी ही सगळी परंपरा उभी असते.

तरीही बुद्धिबळ द्यूतापासून एका मूलभूत बाबतीत वेगळे आहे. इथे फाशांचे दान नाही. दोघांसमोर तोच पट, तीच सोळा मोहरी, तेच नियम. हरण्याचे खापर नशिबावर फोडता येत नाही. म्हणून नैतिक शिक्षणाचे साधन म्हणून हा खेळ उभा राहू शकतो: हात लावलेले मोहरे हलवावेच लागते, केलेली चाल परत घेता येत नाही आणि डाव संपल्यावर समोरच्याशी हात मिळवावा लागतो. आपल्या कृतीची जबाबदारी आपली, हा धडा आठ वर्षांच्या मुलाला इतक्या रोखठोकपणे देणारी साधने फार नाहीत. प्रशिक्षकाच्या कामाला व्यवसायापलीकडचा अर्थ येतो तो इथे.

विद्या विकावी का

स्मृतिकारांनी शिकवणाऱ्यांत प्रतवारी केली होती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात उपनयन करून संपूर्ण वेद शिकवणारा तो आचार्य आणि उपजीविकेसाठी वेदाचा काही भाग शिकवणारा तो उपाध्याय, असा भेद आहे; पगार घेऊन शिकवणाऱ्याला श्राद्धाच्या पंक्तीतूनही वगळले आहे. मोबदला घेतला की विद्येचे पावित्र्य उणावते, ही धारणा या नियमांच्या मुळाशी आहे.

वारकरी परंपरेने हीच धारणा वेगळ्या अंगाने जपली. जिथे कीर्तन करायचे तिथे द्रव्य घेऊ नये, असा तिचा दंडक. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी तो अक्षरशः पाळला: दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन, आणि कीर्तनाचा मोबदला काहीच नाही. मात्र ही भूमिका संसार सोडलेल्या माणसाची होती. संसारी शिक्षकावर ती लादली तर त्याची मुले उपाशी राहतील, हे परंपरेलाही ठाऊक होते.

महाभारतातल्या द्रोणाचार्यांची कथा नेमकी इथून सुरू होते. द्रोण अस्त्रविद्येत अजोड, पण घरी दारिद्र्य इतके की अश्वत्थाम्याला दुधाऐवजी पिठाचे पाणी पाजले गेले. बालपणीचा मित्र द्रुपद राजा झाला होता. मैत्री बरोबरीच्यांत होते, असे सांगून त्याने द्रोणांना झिडकारले. त्यानंतर द्रोण हस्तिनापुरात राजकुमारांचे गुरू झाले आणि शिक्षण पुरे झाल्यावर त्यांनी गुरुदक्षिणा मागितली ती द्रुपदाला बांधून आणण्याची. अर्जुनापेक्षा श्रेष्ठ धनुर्धर होऊ देणार नाही, हा शब्द पाळण्यासाठी एकलव्याचा अंगठाही मागितला.

श्रेष्ठ प्रशिक्षकाचा पुरस्कार ज्याच्या नावाने दिला जातो, त्याचीच ही कथा आहे. तिचे मर्म असे: समाजाने नाकारलेली प्रतिष्ठा गुरू शिष्यांच्या हातून वसूल करू लागला की शिष्य साधन बनतात. कोणी सूडाचे हत्यार होतो, कोणाचा बळी जातो. आठ वर्षांच्या मुलाला स्पर्धेत हरल्यावर सगळ्यांसमोर झापणारा प्रशिक्षक त्याच वाटेवर छोट्या पावलांनी चालत असतो, कारण त्या पराभवात त्याला मुलाची चूक दिसण्याआधी आपली नाचक्की दिसते.

विदर्भाच्या राजकन्येचे नाटक

या वादावरचा अधिक समंजस विचार कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात आहे. त्याची नायिका मालविका विदर्भाची राजकन्या. नाटकाच्या अखेरीस विदर्भाचे राज्य दोन भावांत वाटले जाते ते वरदा नदीची हद्द धरून. वरदा म्हणजे आजची वर्धा नदी, यवतमाळ जिल्ह्याच्या कडेने वाहणारी.

पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा वाद पेटतो. दरबारातली संन्यासिनी, म्हणजे परिव्राजिका, त्यावर तोडगा देते. तिचे म्हणणे असे की काहींची कला त्यांच्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, तर काहींचे कौशल्य ती दुसऱ्यात उतरवण्यात असते. ज्याच्यापाशी दोन्ही आहेत तो शिक्षकांत अग्रगण्य. म्हणून परीक्षा आचार्यांची घ्यायची असली तरी रंगमंचावर शिष्यांना आणावे. याच प्रसंगी गणदास सुनावतो की ज्याची विद्या केवळ पोटासाठी आहे तो विद्येचा व्यापारी होय. इथे ‘केवळ’ या अटीला वजन आहे. गणदास स्वतः राजाश्रयावर जगणारा पगारी शिक्षक आहे. त्याला मोबदला खुपत नाही. मोबदल्यापलीकडे काहीच नसणे खुपते.

करणे आणि करवून घेणे ही दोन निरनिराळी कौशल्ये आहेत, हा परिव्राजिकेचा निवाडा बुद्धिबळात पुन्हा पुन्हा खरा ठरला आहे. मॉस्कोचे मार्क द्वोरेत्स्की इंटरनॅशनल मास्टर होते, ग्रँडमास्टर कधीच झाले नाहीत. त्यांच्या शिष्यांपैकी चेखोव, युसुपोव आणि दोल्मातोव हे तिघे अनुक्रमे १९७५, १९७७ आणि १९७८ मध्ये जागतिक कनिष्ठ विजेते झाले, आणि बलाढ्य ग्रँडमास्टर शिकायला त्यांच्याकडे जात. आर. बी. रमेश ग्रँडमास्टर झाले, पण ऐन उमेदीत खेळ बाजूला ठेवून चेन्नईत ‘चेस गुरुकुल’ चालवू लागले. ‘स्वतः फार पुढे गेला नाही, म्हणून शिकवतो’ हा शेरा बुद्धिबळ-प्रशिक्षकाला सर्वत्र ऐकावा लागतो. या उदाहरणांपुढे तो टिकत नाही.

आतले श्रेय, बाहेरचे श्रेय

पाश्चात्य नीतिशास्त्रात या प्रश्नावरचे सर्वांत नेमके उदाहरण बुद्धिबळाचेच आहे. अ‍ॅलिस्डेअर मॅकिंटायर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या ग्रंथात एका सात वर्षांच्या मुलाची कल्पना केली आहे. त्याला बुद्धिबळात रस नाही, गोळ्या-चॉकलेटांत आहे. खेळलास तर खाऊ देईन आणि जिंकलास तर आणखी देईन, असे त्याला सांगितले जाते. जोवर खाऊ हेच कारण आहे तोवर पकडले जाण्याची भीती नसेल तर फसवून जिंकण्यात त्याला काहीच गैर वाटणार नाही. पण हळूहळू डावातली आखणी, कल्पकता, ईर्ष्या यांची गोडी लागली की मग फसवून तो स्वतःलाच फसवेल. खाऊ हे बाहेरचे श्रेय: ते इतर मार्गांनीही मिळते आणि एकाला मिळाले की दुसऱ्याचे तेवढे कमी होते. खेळाची गोडी हे आतले श्रेय: ते खेळूनच मिळते आणि वाटल्याने घटत नाही.

हाच भेद प्रशिक्षकाला लावता येतो. फी, सत्कार, किताब, ‘अमक्याचा गुरू’ म्हणून ओळख ही बाहेरची श्रेये आहेत. अ‍ॅरिस्टॉटलनेही म्हटले होते की मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यांच्या हाती असतो, म्हणून तो जीवनाचे अंतिम साध्य होऊ शकत नाही. प्रशिक्षकाचे आतले श्रेय कशात आहे, हे वर्गात पाहिल्यावर कळते.

समजा भिंतीवरच्या चुंबकी पटावर तीनच मोहरी मांडली आहेत. पटाच्या मधल्या भागात पाचव्या ओळीवर पांढरा राजा, त्याच्या पाठीशी चौथ्या ओळीत एक प्यादे, आणि समोर एक घर सोडून काळा राजा. प्रशिक्षक विचारतो, कोण जिंकेल? मुले एका सुरात ‘पांढरा’ म्हणतात, कारण त्याच्याकडे एक प्यादे जास्त आहे. तो पांढऱ्याला चाल करायला लावतो. पांढरा राजा डावीकडे सरकला की काळाही तसाच सरकून समोर उभा राहतो. प्यादे पुढे ढकलले तर काळा त्याच्या वाटेत येतो. अखेरीस काळ्या राजाला शह नाही आणि चालही नाही, डाव बरोबरीत सुटतो. मग तीच मांडणी पुन्हा लावून पहिली चाल काळ्याला दिली जाते. आता काळ्या राजाला बाजूला व्हावेच लागते, पांढरा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो आणि प्याद्याचा वजीर होतो. मांडणीत काहीच बदललेले नाही, फक्त पाळी बदलली आहे. मागच्या रांगेतली एखादी मुलगी मध्येच म्हणते, ‘म्हणजे ज्याची चाल आहे तोच अडकला!’ त्यासाठीची संज्ञा तिला नंतर सांगितली तरी चालते. उत्तर ओठांवर असूनही प्रशिक्षकाने ते गिळले, म्हणून ते तिला सापडले. हा क्षण इतर कोणत्याही धंद्यात पैसे देऊन विकत मिळत नाही. तो तिच्या नावावर जमा होतो, आणि तरीही शिकवणाऱ्याला त्यात पुरता वाटा मिळतो.

फळ दुसऱ्याच्या झाडाला

गीतेतला कर्मयोग अनेकदा शिक्षकांना ऐकवला जातो. कर्म करावे, फळाची आस धरू नये. बुद्धिबळ-प्रशिक्षकाच्या बाबतीत ही शिकवण खेळाच्या नियमांतच बांधलेली आहे. कुस्तीच्या फडात वस्ताद कडेला उभा राहून ओरडून डाव सुचवू शकतो. बुद्धिबळात पहिली चाल झाली की प्रशिक्षकाचे तोंड बंद. ऑलिम्पियाडसारख्या सांघिक स्पर्धेत कप्तानालाही चाल सुचवता येत नाही. फार तर बरोबरीच्या प्रस्तावाबद्दल बोलता येते. २०२४ मध्ये बुडापेस्टला भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले तेव्हा संघाचे कप्तान पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते. त्यांचे काम तयारीत आणि संघ निवडण्यात संपत असे. घड्याळ सुरू झाल्यावर त्यांच्या हाती पाहण्याखेरीज काही नव्हते.

पण फळाची आस सोडणे म्हणजे कोरडेपणा नव्हे. विनोबा भावे यांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या ‘गीता प्रवचनां’त हा मुद्दा उलगडला आहे. बाहेरचे कर्म आणि त्यात ओतलेले मन, ज्याला ते विकर्म म्हणतात, यांची जोड पडली की कर्माचे ओझे उरत नाही. प्रशिक्षकाच्या दृष्टीने पाहता तासाची फी घेऊन तोच ठराविक पाठ घोकवणे हे नुसते कर्म. या मुलाला घोडा का दिसत नाही, ती मुलगी जिंकत आलेला डाव घाईने का घालवते, हे घरी जाऊन आठवणे, पुढच्या दिवशी त्यासाठी वेगळी मांडणी शोधून आणणे, हे विकर्म. या दुसऱ्या भागाची फी कोणी आकारत नाही, आणि काम ओझे वाटेनासे होते ते याच भागामुळे.

नागपूरचे एक उदाहरण या विचाराला धरून आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी येथे दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासरशी ती ग्रँडमास्टर झाली. देशातली ८८ वी. तिचे पहिले प्रशिक्षक राहुल जोशी यांचे २०२० मध्येच निधन झाले होते. नागपुरात परतल्यावर दिव्याने त्यांची आठवण काढली. शिष्येचे ग्रँडमास्टरपद पाहणे त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यांच्या आयुष्याची कृतार्थता त्या एका दिवसावर टांगलेली होती असे मानले तर ते आयुष्य अपुरे ठरते. ती लहान मुलगी पटासमोर बसून विचार करायला शिकत होती त्या तासांत होती असे मानले, तर त्यात उणे काहीच राहत नाही. फळाचा त्याग या कल्पनेचा व्यवहारातला अर्थ हाच: निकाल नाकारायचा नाही, फक्त आयुष्याचा हिशोब त्याच्यावर लावायचा नाही.

मूठ उघडी ठेवणे

कृतार्थतेला न्यायाची बाजूही आहे. महापरिनिब्बाणसुत्तात बुद्ध आपला शिष्य आनंद याला सांगतो की धर्माच्या बाबतीत तथागताने गुरूची मूठ झाकून ठेवलेली नाही. काही आतले, काही बाहेरचे असा भेद केलेला नाही. द्रोणाच्या कथेसमोर ठेवून पाहण्याजोगी ही शिकवण आहे. एकलव्याला दार बंद होते. बुद्धाच्या संघात ते बंद नव्हते. ज्या यवतमाळ जिल्ह्यात गोंड आणि कोलाम वस्त्या आहेत आणि बौद्ध समाज मोठा आहे, तिथे या दोन कथा पुराणातल्या म्हणून बाजूला ठेवता येत नाहीत.

बुद्धिबळाला मैदान लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही. प्लास्टिकची मोहरी आणि गुंडाळता येणारा पट पुरतो. पण स्पर्धात्मक बुद्धिबळ स्वस्त राहिलेले नाही. प्रवेशशुल्क, नागपूर-पुण्याचा प्रवास, मुक्काम, संगणक, वरच्या दर्जाचे प्रशिक्षण यांचा खर्च कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराला किंवा कोरडवाहू शेतकऱ्याला झेपत नाही. रेटिंगच्या यादीत येऊ शकणाऱ्यांनाच वेळ द्यायचा की सगळ्यांना, याचे उत्तर प्रशिक्षकाला रोज द्यावे लागते. मोठे नाव करायचे तर पहिला मार्ग सोयीचा. मात्र बहुसंख्य मुले कधीच मास्टर होणार नसतात, आणि शिकण्याचा लाभ त्यांनाही तितकाच होतो. मूठ उघडी ठेवणारा प्रशिक्षक प्रतिष्ठेच्या बाजारात मागे पडू शकतो. त्याच्या कामाचा पसारा मात्र मोठा असतो.

समाधानाची किंमत

आता उरतो दुसरा गैरसमज: समाधान आहे ना, मग मोबदला कशाला. ही भाषा शिक्षक, परिचारिका, अंगणवाडी सेविका, कीर्तनकार अशा सगळ्यांशी केली जाते. तिच्यात एक लबाडी आहे. ज्याला त्यागाचा लाभ होतो तोच दुसऱ्याला त्यागाचे महत्त्व पटवतो. गाडगेबाबांचा त्याग थोर होता, कारण तो त्यांनी स्वतःहून केला. तोच दुसऱ्याकडून वसूल केला की ते शोषण होते. इंग्रज विचारवंत रस्किनचे पुस्तक वाचून गांधीजींनी घेतलेला एक धडा असा होता की वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच, कारण आपल्या कामातून पोट भरण्याचा हक्क दोघांनाही आहे. पुढे सेवाग्रामला, यवतमाळच्या शेजारच्याच जिल्ह्यात, गांधीजी राहिले. त्या तत्त्वाला धरून पाहिले तर बुद्धिबळ शिकवणाऱ्याचा तास गणित शिकवणाऱ्याच्या तासापेक्षा हलका मानण्याला आधार उरत नाही.

म्हणून दोन्ही प्रश्न वेगळे ठेवणेच योग्य. कृतार्थता हा प्रशिक्षकाचा स्वतःचा विषय आहे. ती शिष्याच्या समजेत उजाडते, निकालावर अवलंबून नसते, आणि ती कोणी देऊ किंवा हिरावू शकत नाही. प्रतिष्ठा आणि मोबदला हा समाजाचा विषय आहे, आणि त्याची जबाबदारी प्रशिक्षकाच्या समाधानावर ढकलता येत नाही. प्रतिष्ठेसाठी शिष्यांना राबवणारा प्रशिक्षक द्रोणाची चूक करतो; प्रशिक्षकाच्या समाधानाकडे बोट दाखवून त्याची फी बुडवणारा समाज द्रुपदाची. लोहाऱ्यात काय किंवा नागपुरात काय, मुलाला बुद्धिबळाच्या वर्गाला घालणाऱ्या पालकाने रेटिंग कधी येईल हे विचारण्याआधी मुलाला आज काय समजले ते विचारावे, आणि महिन्याची फी महिन्याच्या महिन्याला द्यावी.